फुली होऊन पडलेला माणूस

दोधू आबांनी पहिल्याच भेटीत मला बूट काढायला लावले. मी नवाकोरा कारकून, धुळ्याहून सहा मैल सायकल मारत आलेलो, खिशात शेठजींची चिठ्ठी. समोर गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला, पन्नाशी उलटलेला एक शेतकरी उभा, आणि तो चिठ्ठी हातात न घेता माझ्या पायांकडे बघतोय. "पहिले पायले इचारनं पडस, भाऊसाहेब," ते म्हणाले आणि चालायला लागले. मी बूट हातात घेऊन त्यांच्या मागून निघालो. वैशाखातली माती, दुपारचे बारा. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा परत, दर चार पावलांवर टाच आपटत ते गेले, आणि मी तव्यावर ठेवल्यासारखा नाचत त्यांच्या मागे गेलो. परत आल्यावर मग त्यांनी चिठ्ठी घेतली, उलटी धरून तिच्याकडे पाहिलं आणि मलाच वाचायला दिली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या जिनिंगच्या शेठजींनी लढाईनंतर विकायला निघालेलं एक छोटं विमान घेतलं होतं. दोन माणसांचं, पिवळ्या रंगाचं, पंखांना पत्रा नाही तर कापड ताणलेलं. धुळ्यात मोटार असणं हीच मोठी गोष्ट होती, तिथे विमान म्हणजे शेठजींचं नाव अमळनेरपासून यावलपर्यंत झालं. उतरायला जागा हवी म्हणून त्यांनी अमळनेरच्या रस्त्याला एका खेड्याबाहेरचा माळ साफ करून त्याची धावपट्टी केली, आणि त्याच खेड्यातल्या दोधू आबांना पट्टीवर नेमलं. मला दिलं विमानाचं दप्तर. तार आली की ती घेऊन आबांकडे जायचं, पेट्रोलचे डबे मोजून ठेवायचे आणि काही झालं की सुवाच्य अक्षरात लिहून काढायचं. माझं अक्षर फार सुंदर होतं. बाकी माझ्यात विशेष काही नव्हतं, पण अक्षराबद्दल शेठजीसुद्धा बोलत.

आबांना का नेमलं, याचं उत्तर गावात कुणीही दिलं असतं. खळ्यावर उफणणी करताना तिवईवर उभं राहायला चार गावं त्यांनाच बोलवत. वारा कधी येणार, कुठून येणार, किती वेळ टिकणार हे त्यांना कळे. त्यांची शेती दोघं मुलं बघत होती, आबा मोकळे होते. आणि जमीन तर त्यांना पायाने कळे. आमच्या पट्टीचं पश्चिमेचं टोक मुरमाचं होतं, पण पूर्वेकडे ती उतरत उतरत काळ्या मातीत जाई. सगळी मेख त्या काळ्या मातीत होती. पाऊस पडून गेला, दोन दिवस ऊन तापलं, की वरून ती अशी कोरडी ठणठणीत दिसे की कुणालाही फसवेल. आबा म्हणत, "कायी माती वरतून कोल्ली दिखास, खाले लोनी शे."

विमान उडवायला कर्णिक साहेब होते. लढाईत शिकलेले, तिशीच्या आतले, शिडशिडीत, सिगारेट कायम ओठांत पण पेटवलेली क्वचित. ते पहिल्यांदा पट्टीवर उतरले त्या दिवशी सगळं गाव नारळ घेऊन आलं होतं. विमानाची चाकं टेकली मात्र, आणि लोक हळद-कुंकवाची ताटं घेऊन पुढून धावत सुटले. उधळलेल्या बैलाला तोंड धरून थांबवतात, तसं विमानालाही थांबवता येतं असं त्यांना वाटलं असणार. कर्णिक साहेबांनी माणसं वाचवायला विमान बाजूला वळवलं ते सरळ तुरीच्या वावरात. पंखा मोडला, एक चाक वाकलं. साहेब खाली उतरले. आबांनी शांतपणे एका बाईच्या हातातलं ताट घेतलं, विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि गर्दीला घरी पाठवलं. पुढल्या वेळी एक म्हैस मध्ये आली. विमान उडी मारून तिच्या पलीकडे गेलं आणि आपटलं, पुन्हा चाकाचं काम निघालं. साहेब म्हशीच्या मालकावर ओरडायला लागले तर आबा म्हणाले, "साहेब, इमानले शिंगे नहीत. मंग म्हैस भ्याई कसाले?" साहेबांना हसू आलं आणि ती सिगारेट त्या दिवशी पेटली.

त्यानंतर साहेबांनी आबांना खुणा शिकवल्या. मांजरपाटाचे दोन लांबलचक पट्टे होते. एक आडवा आणि त्याच्या मध्यातून निघणारा एक उभा असे मांडले, की त्याचा अर्थ, इथे उतरा, जमीन चांगली आहे. एकमेकांवर तिरपे टाकले की उतरू नका. साहेबांनी काठीने मातीत आकृत्या काढल्या. आबांनी पहिलीला लगेच कुदळ म्हटलं आणि दुसरीला फुली. मी तार घेऊन गेलो की ते पट्टी चालून येत आणि सांगत, आज कुदय, किंवा आज फुली. विमान यायचं नसेल त्या दिवशी कापड घडी करून पट्टीच्या पश्चिम टोकाला असलेल्या आबांच्या छपरीत असे.

एकदा भर उन्हात, जमीन फुफाट्यासारखी दिसत असताना, आबांनी फुली मांडली. कर्णिक साहेबांनी वर दोन घिरट्या घातल्या आणि ते जळगावकडे निघून गेले. विमानात शेठजी होते, त्यांचं नात्यातलं एक लग्न चुकलं. दुसऱ्या दिवशी ते मोटारीतून पट्टीवर आले आणि आबांना नको नको ते बोलले. पूर्वेच्या टोकाला जाऊन आबांनी हातातली काठी जमिनीत दाबली. ती हातभर आत गेली आणि वर काढली तेव्हा चिखलाने लडबडलेली होती. कर्णिक साहेब तिथेच उभे होते. त्या दिवसापासून ते म्हणायचे, आबांनी कुदळ मांडली तर मी डोळे मिटून उतरेन. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आता त्या दिवसाचं सांगतो. वैशाखच होता. दोन दिवस आधी वळवाची एक सर येऊन गेली होती. आबांच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि घरात बिबड्यांची गडबड चालली होती. आमच्याकडे लग्नघरात बिबड्या भरपूर लागतात. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या हाताने कापडावर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. सगळ्या आळीतल्या बायका मदतीला येतात आणि धोतरं, लुगडी कितीही आणली तरी कमी पडतात. आबांची सून सकाळी छपरीपाशी आली. "आबा, कापड पुरत नही. इमाननं कापड द्या ना, सांजले धुईसन दीसू." तार आलेली नव्हती. विमान चार दिवस येणार नव्हतं. आबांनी कापड दिलं. सासऱ्याने सुनेला एवढंही द्यायचं नाही का?

बायका पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला बसल्या. तीच जागा गावाला जवळ, झाडलोट केलेली, खडा नाही, काटा नाही. घाट्याचं मोठं पातेलं मध्ये ठेवलं. एक पट्टा त्याच्यासमोर आडवा अंथरला आणि दुसरा पातेल्यापासून लांब सरळ नेला, म्हणजे तिन्ही बाजूंना बायकांना बसता यावं आणि घाटा हातोहात पुढे देता यावा. मी पुढे कितीतरी बायकांना विचारलं, सगळ्यांनी सांगितलं की दोन लांब कापडं असली की अशीच अंथरतात. आबांनी पश्चिमेच्या छपरीतून त्यांना बसलेलं पाहिलं होतं. पांढरं कापड दिसलं, रंगीत लुगडी दिसली, गाणी ऐकू आली. नंतर ते मला म्हणाले, "मी खालतून देखं. वरतून कसं दिसी ते मनमा उनंच नही."

दुपारी दोनच्या सुमाराला विमान आलं. शेठजींचे धाकटे भाऊ विमानाने मुंबईला गेले होते, त्यांना अचानक घरी यावंसं वाटलं, तार करायलाही ते थांबले नाहीत. वरून कर्णिक साहेबांना पांढरी कुदळ दिसली. माणसं दिसली असतील तर वाटलं असेल, आबा आणि त्यांची मंडळी. विमान खाली यायला लागलं तशा बायका पातेलं टाकून पळाल्या. आबांनी आवाज ऐकला, बाहेर आले आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. ते पट्टीवरून ओरडत धावले. हातात कापड नव्हतं, काही नव्हतं. अर्ध्या पट्टीवर पोचल्यावर ते जमिनीवर उताणे पडले आणि त्यांनी दोन्ही हात, दोन्ही पाय फाकले. फुली केली. वरून विमान अंगावर येत असताना हा माणूस जमिनीवर हातपाय पसरून पडून राहिला होता.

ते विमान उतरताना नाक वर धरायचं, समोरचं काही दिसायचं नाही, हे मला पुढे कळलं. साहेबांना तेव्हा आबा दिसणं शक्यच नव्हतं. चाकं काळ्या मातीत टेकली, रुतली, आणि विमान नाकावर जाऊन उलटं झालं. आबांपासून चाळीस पावलांवर. धाकटे शेठ तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या इस्पितळात वारले. कर्णिक साहेबांचं डोकं फुटलं होतं आणि पायाचं हाड मोडलं होतं. मी सायकलवरून पोचलो तेव्हा पट्टीवर कापडाचा मागमूस नव्हता. भेदरलेल्या बायकांनी बिबड्यांसकट ते गुंडाळून नेलं होतं, आणि सगळ्या गावाने तोंडाला कुलूप घातलं होतं. आबा तेवढे विमानाच्या पंखापाशी बसले होते. मला पाहताच म्हणाले, "लिखा भाऊसाहेब. चूक मनी शे. कापड मी दिधं व्हतं."

चौकशीला मुंबईहून सरकारी साहेब येणार होते. आदल्या दिवशी आमच्या मॅनेजरांनी मला खोलीत बोलावलं. "पट्टीला कुंपण घालू असं आपण सरकारला लिहून दिलंय. घातलंय का? नाही. मग बायका पट्टीवर होत्या हे कागदावर येता कामा नये. खूण नव्हती, माणूस नव्हतं, एवढंच लिहायचं."

मी म्हटलं, "पण आबा सगळं सांगणार आहेत."

"सांगू दे की. लिहिणारे तुम्ही आहात."

आबा आले. मॅनेजरांसमोर खाली बसले, मी टेबलाशी बसलो. त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. सुनेने कापड मागितलं ते, पातेलं कुठे होतं ते, आपण कुठे पडलो ते. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहीत होतो: 'सदर दिवशी पट्टीवर कोणतीही खूण मांडलेली नव्हती. पट्टीवर कोणी इसम उपस्थित नव्हता.' मध्येच त्यांनी विचारलं, "चूक मनी शे, हाई लिखं का?" मी मान हलवली. शेवटी ते म्हणाले, एकदा वाचून दाखवा. आणि मी वाचलं. कागदाकडे बघत, ओळींवरून बोट फिरवत, त्यांनी सांगितलं होतं ते सगळं मी वाचून दाखवलं. त्यातलं अक्षरही कागदावर नव्हतं. आबांनी ऐकलं, समाधानाने मान डोलावली आणि अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी आलेले साहेब मद्रासकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्यामार्फत आबांना विचारलं, हे सगळं खरं आहे का? आबा हात जोडून म्हणाले, "हा साहेब, बठ्ठं खरं शे."

मी असं का केलं? त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की आबांना तुरुंगापासून वाचवतोय, त्यांच्या नातीचं लग्न वाचवतोय, गावातल्या बायकांची पोलिसांपासून सुटका करतोय. सगळं खोटं होतं. मॅनेजर समोर बसले होते आणि मी त्यांना घाबरत होतो, याहून दुसरं कारण नव्हतं.

आबांनी नातीचं लग्न पंधरा दिवस अलीकडे ओढून उरकून घेतलं. मुलांना बोलावून वावर, बैल, विहीर सगळं समजावून दिलं. मग ते शिक्षेची वाट बघायला लागले. दर बाजाराच्या दिवशी आमच्या कचेरीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "मनं बलावनं उनं का?"

"नाही अजून, आबा."

"येई," असं म्हणून ते परत जायचे. सहा महिने हा माणूस दर आठवड्याला येऊन मला हे विचारत होता, आणि मी मान वर न करता उत्तर देत होतो. गावात लोक त्यांना समजावत होते, कुणी काही विचारत नाहीये तर गप्प बसा ना. ते म्हणायचे, मी सांगून बसलोय, आता गप्प काय बसायचं. रात्री झोप नाही, अंगावर मांस राहिलं नाही. एकदा मी त्यांना कर्णिक साहेबांचं विचारलं तर म्हणाले, "मनी शिक्षा लवकर व्हवाले जोयजे. तोलोंग साहेबवर शक ऱ्हाई."

निकाल लागला तो साहेबांच्या विरुद्ध. त्यांनी चौकशीत सांगितलं होतं की मी खूण पाहिली, मगच उतरलो. पण पट्टीच्या राखणदाराच्या जबाबात खूण नव्हती असं होतं, आणि साहेबांच्या डोक्याला मार लागलेला होता. डोक्याला मार लागल्यावर माणसाला काहीबाही आठवतं, असं ठरलं. त्यांचा विमान उडवायचा परवाना गेला. ते धुळे सोडून निघाले, तेव्हा त्यांचं तिकीट काढायला कचेरीने मला पाठवलं. आबांना कुठून कळलं कोण जाणे, ते आधीच स्टेशनवर येऊन बसले होते. त्यांनी साहेबांचा बिछाना उचलून डब्यात ठेवला आणि खिडकीशी उभे राहिले.

साहेब काठी टेकत आले होते. खिडकीत बसल्यावर म्हणाले, "आबा, तुम्हाला एक विचारतो. मी कुदळ पाहिली होती. मला ती अजून दिसते. पण सगळे म्हणतात नव्हती. आता मला रस्त्यावरचा दगडसुद्धा दिसला तर वाटतं, हा खरंच आहे का? धाकट्या शेठना मी मारलं का आबा?"

"साहेब, कुदय व्हती," आबा म्हणाले. "तुम्हना डोयासनी चूक नही. मनी चूक शे. मी बठ्ठं सांगेल शे, लिखी दिधेल शे."

साहेबांनी खिशातून एक टंकलिखित कागद काढला. जबाबाचं इंग्रजी भाषांतर होतं ते. त्यांनी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. कोणतीही खूण नव्हती. कोणी इसम नव्हता. मग म्हणाले, "खाली तुमचा अंगठा आहे, आबा. का केलंत असं?"

आबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फलाटाकडे बघत होतो. गाडी हलली. साहेबांचा चेहरा खिडकीत दिसेनासा होईपर्यंत आबा काहीच बोलले नाहीत, आणि साहेब त्यांना खोटारडा समजून गेले. त्या दिवशी फलाटावर मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"तुम्ही तं माले वाची दखाडं व्हतं, भाऊसाहेब," आबा एवढंच म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. मॅनेजर काय म्हणाले, मी काय लिहिलं, काय वाचलं. ते ऐकताना ते खाली बसले. मला वाटलं ते मला मारतील, मारावं असं वाटतही होतं. मग त्यांनी विचारलं, कागद आहे का? माझ्याकडे वही होती. "आते लिखा. मी बोलस तसंच लिखा." स्टेशनच्या बाकावर बसून मी ते सगळं लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत. तिकीटबाबूकडून शाई घेऊन त्यांनी अंगठा लावला. दोन दिवसांनी ते तो कागद घेऊन मुंबईला निघाले. धुळ्याबाहेर चाळीसगावपुढे ते कधी गेले नव्हते. मी त्यांना चौकशीच्या सरकारी कचेरीचा पत्ता एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

आठ दिवसांनी आले. सरळ माझ्याकडे. तोंडावर अशी कळा होती की काय झालं हे विचारायची गरज नव्हती. त्या कचेरीत तीन दिवस बसल्यावर एका साहेबाने त्यांना आत घेतलं होतं. जुना कागद काढला, नवा शेजारी ठेवला. हा अंगठा तुझा? "मनाच शे." हाही तुझा? "मनाच शे." मग पहिल्या वेळी खोटं का बोललास? आबांनी सांगितलं, "जेलना भ्याव वाटना, म्हनीसन खोटं बोलनू."

मी म्हटलं, "आबा, माझं नाव का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून ते केलेलं नव्हतं. माझी दया वगैरे त्यांना आली नव्हती. ते समजावून सांगत म्हणाले, "तुम्हनं नाव काढतू तं त्या म्हनतात, लिखनाराच खोटा. मंग हाऊ नवा कागद बी खोटाच. दोन्हीसवर अक्षर एकच शे ना." म्हणून स्वतःला खोटं ठरवून त्यांनी नवा कागद वाचवायचा प्रयत्न केला होता. साहेबाने दोन्ही कागद पुन्हा फायलीत घातले आणि सांगितलं की एकदा भीतीने खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा पश्चात्तापाने किंवा कुणी शिकवल्यामुळेही खोटं बोलू शकतो. प्रकरण बंद झालं आहे. कर्णिक साहेबांना परवाना परत मिळाला नाही.

पट्टी त्याआधीच बंद झाली होती. शेठजींनी भावाच्या दुःखात विमानाचं नाव टाकलं आणि माळावर पुन्हा गुरं चरायला लागली. आबा फारसे घराबाहेर पडेनासे झाले. मी तीन-चारदा गेलो. ते मला ओसरीवर बसवत, चहा देत, भाऊसाहेब म्हणत, आणि साहेबांचं पत्र आलं का, एवढं विचारत. आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत ते गेले. त्यांच्या तेराव्यानंतर मी कर्णिक साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं, माझ्या नावाने, माझ्या सहीने. ते नाशिकला एका मोटार कंपनीत कामाला आहेत असं ऐकलं होतं. पत्र पोचलं की नाही मला माहीत नाही, उत्तर आलं नाही.

लोक म्हणतात, तुम्ही तरुण होतात, नोकरी नवी होती, काय करणार. मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो. पण इतकं लिहिलंच आहे तर आबा मुंबईला निघाले त्या दुपारचंही लिहून टाकतो. ते तिकिटाच्या खिडकीशी उभे होते, मी त्यांच्या मागे. त्यांनी आत हात घातला आणि म्हणाले, "दोन मुंबई दे, भाऊ." मला विचारलं नव्हतं. मी येणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. कागद माझ्या हातचा होता, वाचणारा मी होतो, मी शेजारी उभा राहून हो म्हटलं असतं तर त्यांना कुणी खोटं म्हटलं नसतं. मी म्हटलं, "आबा, उद्या माल चढवायचाय. मला सुटी नाही." त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे वळले. "एकच दे," ते बाबूला म्हणाले.